दोउदोउचा ताप

ऑपरेशनला न्यायचं स्ट्रेचर दाराशी येऊन उभं राहिलं होतं, वॉर्डबॉय घड्याळ बघत होता, तरी ग्वान म्हातारबुवांच्या सूचना संपत नव्हत्या.

"सकाळी दाणे. मग पाणी बदलायचं. संध्याकाळी पिंजऱ्यावर कापड टाकायचं. बस्स."

"हो बाबा," जावई म्हणाले.

"बाकी काही करायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही. मी तुला ओळखतो, मियाओ."

मोडलेलं खुब्याचं हाड घेऊन माणूस चाकांवरून निघाला होता, तरी लिफ्टचं दार मिटता मिटता आतून आवाज आलाच, "डोकं चालवू नकोस!"

मियाओ देलिन यांना हे फार लागलं. वजनमापे खात्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती, तीही साध्या खुर्चीवर नाही. थर्मामीटर तपासनीस होते ते. तिआनजिन शहरातल्या निम्म्या दवाखान्यांतला ताप त्यांच्या सहीने खरा ठरलेला होता. अशा माणसाला एका कॅनरी पक्ष्याच्या बाबतीत डोकं चालवू नकोस म्हणणं म्हणजे काय? पण म्हातारबुवा ब्याऐंशी वर्षांचे, त्यातून सासरे. मियाओसाहेबांनी जाऊन म्हाताऱ्यांच्या खोलीतून पिंजरा आणला आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीचे सहा मजले चढून स्वतःच्या घरी ठेवला. पक्ष्याचं नाव दोउदोउ. वय पाच. रंग लिंबासारखा. रोज सकाळी बागेत म्हातारबुवा पिंजऱ्यावरचं कापड काढत, तेव्हा व्यायाम करणारे लोक हात वर तसेच ठेवून ऐकत उभे राहत, इतका गोड गळा. बायको गेल्यापासून म्हातारबुवा बोलत असतील तर त्या पक्ष्याशीच. बाकीच्यांना ते फक्त सूचना देत.

तारीख होती तीन नोव्हेंबर. तिआनजिनमध्ये सरकारी गरम पाणी पंधरा नोव्हेंबरला नळ्यांमधून सुटतं आणि घरं ऊबदार होतात. थंडीला मात्र ही तारीख कोणी कळवलेली नसते. ती तिच्या सवडीने आधीच येते, आणि मधले दहा-बारा दिवस अख्खं शहर घरात कोट घालून जेवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मियाओसाहेबांनी कापड काढलं. आत एक पिवळा चेंडू बसला होता. मान नाही, शेपटी जेमतेम, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. आणि पाय एकच होता.

मियाओसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एकच. मग स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू आवाजात "अरे देवा" म्हणून त्यांनी पिंजऱ्याचा तळ तपासला. दाण्यांच्या फोलपटांत कुठे पाय पडलाय का, हेही काडीने चाचपून पाहिलं. घरात बायको नव्हती. युनफांग वडिलांजवळ हॉस्पिटलात राहत होती. शेवटी ते खालच्या मजल्यावर जाऊन यान ताईंना घेऊन आले.

यान ताई हातातला अर्धा खाल्लेला घावन घेऊनच वर आल्या. "कमाल आहे बाई म्हाताऱ्यांची! आडनाव मियाओ, मांजरासारखं, आणि पक्षी सांभाळायला त्याच्याकडेच दिला." मग पिंजऱ्यात डोकावून त्या गंभीर झाल्या. "हा सुजलाय."

"आणि पाय?"

"पाय नंतर. आधी ताप बघा. माझा मामेभाऊ असाच सुजला होता, त्याला ताप होता."

ताप! इथे मियाओसाहेबांच्या अंगात बळ आलं. त्यांच्या टेबलाच्या खणात अकरा थर्मामीटर होते. त्यांतला सर्वांत नाजूक टोकाचा त्यांनी निवडला, आधी स्वतःच्या काखेत लावून त्याचा खरेपणा तपासला, मग यान ताईंनी दोउदोउला लोकरीच्या मोज्यात हळूच धरलं. मोज्यात घालताना दुसरा पाय सापडला. पोटाच्या पिसांत सुखरूप होता. दोघांनाही इतका आनंद झाला की यान ताईंनी उरलेला घावन एका घासात संपवला.

मियाओसाहेबांनी थर्मामीटरचं टोक पंखाखाली धरलं. नियमाप्रमाणे तीनदा मोजलं.

एक्केचाळीस पूर्णांक सहा सेल्सियस.

"एक्केचाळीस!" यान ताईंच्या हातातून मोजा सुटता सुटता वाचला. "माणूस असता तर बरळायला लागला असता!"

"सहा दशांशही आहेत," मियाओसाहेब पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाले. दशांश त्यांनी आयुष्यात कधी सोडले नव्हते.

मग उपचार सुरू झाले. यान ताईंनी मुगाचं गार पाणी करून वाटीत ठेवलं, कारण मूग थंड. तिसऱ्या मजल्यावरचे हाओदादा गोंधळ ऐकून वर आले. ते पूर्वी बस चालवायचे, त्यामुळे कुठल्याही विषयात मधूनच वळण घ्यायची त्यांना सवय होती. त्यांनी पिंजऱ्याला ओलं फडकं गुंडाळायला सांगितलं. "इंजिन तापलं की आम्ही हेच करायचो," ते म्हणाले. फडकं गुंडाळलं. चेंडू आणखी फुगला आणि थरथरायला लागला. तासाभराने पुन्हा मोजलं, एक्केचाळीस पूर्णांक पाच.

"एक दशांश उतरला," मियाओसाहेब म्हणाले. "गुण येतोय."

पण थरथर थांबेना. दुपारी मियाओसाहेबांनी पिंजऱ्याला स्वतःचा मफलर बांधला आणि बस धरून ते प्राण्यांच्या दवाखान्यात गेले. तिथे स्वेटर घातलेली तीन कुत्री आणि एक बोका नंबर लावून बसले होते. बोका सबंध वेळ मियाओसाहेबांकडे न बघता मफलरकडे बघत होता. डॉक्टर निंग म्हणजे त्यांची मुलगी शोभावी अशा वयाची बाई. तिने पिंजऱ्यात पाहिलं, मग मियाओसाहेबांनी आणलेला कागद पाहिला. त्यावर वेळ, तापमान, उपचार असे तीन रकाने होते.

"काका, हा ओला का आहे?"

"ताप उतरावा म्हणून. एक्केचाळीस पूर्णांक सहा होता."

"मग बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"पक्ष्याचं अंग एवढंच गरम असतं. एक्केचाळीस, बेचाळीस. तुमच्यासारखं छत्तीस-सदतीस भरलं असतं तर मी तुमचं सांत्वन केलं असतं."

मियाओसाहेब खुर्चीत बसले. एकतीस वर्षं आणि अकरा थर्मामीटर त्यांच्याबरोबर बसले.

डॉक्टर निंगने दोउदोउला कोरडं करता करता सगळं समजावलं. थंडी वाजली की पक्षी पिसं फुगवतो. पिसांत हवा अडकते आणि तीच त्याची रजई. पायाला पिसं नाहीत, म्हणून एक एक पाय आळीपाळीने आत घेतो. चोचही उघडी, म्हणून ती पाठीत खुपसतो. आणि थरथरतो तो ऊब तयार करायला. "तुम्ही त्याची रजई भिजवलीत आणि वर पंखा लावल्यासारखं केलंत, म्हणून तो दुप्पट थरथरला."

"आणि उकडलं तर?"

"घाम येत नाही त्यांना. चोच उघडून धापा टाकतात, पिसं अंगाला चापून बसवतात, पंख जरा लांब धरतात. पण घरातली ही थंडी तो सहज काढेल हो. फक्त वाऱ्याची झुळूक नको आणि एकदम चढउतार नको. तापमान स्थिर ठेवा."

डॉक्टरने हा शब्द सहज उच्चारला. तिला कल्पना नव्हती ती कोणासमोर बोलते आहे. स्थिर तापमान! ज्यांचं आयुष्य थर्मामीटर तपासायच्या पाण्याच्या टाकीत अर्ध्या अंशाचा फरक पडू न देण्यात गेलं, त्या माणसाला हे औषध लिहून दिलं होतं. बसमधून परतताना मियाओसाहेबांची मान ताठ होती. सासऱ्यांनी काल केलेला अपमान आता धुऊन काढायचाच, पंधरा तारखेपर्यंत या पक्ष्याला वीस अंशांत ठेवायचं, एक अंश इकडे नाही, एक अंश तिकडे नाही, असं त्यांनी ठरवलं.

त्या रात्री नव्हे, त्याच संध्याकाळी कामाला सुरुवात झाली. बैठकीच्या खोलीतला, सरकारी गरम पाणी आत खेळून खोली तापवणाऱ्या लोखंडी पेटीजवळचा कोपरा त्यांनी निवडला, कारण पंधरा तारखेनंतर तोच सर्वांत ऊबदार राहणार होता. खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या. मग छतापासून जमिनीपर्यंत प्लास्टिकचा पडदा लावून कोपऱ्याचा तंबू केला. पिंजरा हलू नये म्हणून तारेने नळीला बांधला. आत चार ठिकाणी थर्मामीटर टांगले. शेवटी बाहेर विजेचा हीटर लावला, तर तंबूत चौदाचे सतरा झाले. मग माळ्यावरचा दुसरा, जुना हीटर काढला.

दुसरा हीटर लावला आणि जिन्यातले सगळे दिवे गेले. ही वेळ सहा मजल्यांवर भाजी परतायची होती. अंधारातून प्रत्येक मजल्यावरून एकेक वाक्य वर आलं, ती वाक्यं इथे देण्यासारखी नाहीत.

सकाळी वस्ती समितीच्या लोउबाई आल्या. मोठ्या मायाळू बाई, पण हातात नेहमी फॉर्म. "मियाओ साहेब, इमारतीच्या तारा तुमच्या नोकरीपेक्षा जुन्या आहेत. हीटर एक चालेल, तोही लहान. घरी कोणाला थंडीचा त्रास होत असेल तर ऑफिसला फोन करा. आजारी, वृद्ध आणि लहान मुलं असलेल्या घरांची यादी होतेय. त्यांना थोडी मदत मिळते."

आता लोउबाईंनी पिंजरा पाहिला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्या दारातच उभ्या होत्या, कारण त्यांना अजून पाच मजले समजावत खाली जायचं होतं. मियाओसाहेबांची मात्र समजूत अशी झाली की पक्ष्याची गोष्ट एव्हाना सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. त्यांनी फोन केला. ऑफिसात नव्यानेच लागलेली एक मुलगी होती.

"मी सहाव्या मजल्यावरून मियाओ. दोउदोउसाठी फोन केला होता."

"हं. वय?"

"पाच."

"अगं बाई. काय होतंय त्याला?"

"थरथरतोय. सकाळपासून एका पायावर उभा आहे."

"उभा का? अंगावर काही जाड घातलंय ना?"

"पिसं आहेत की अंगभर."

"पिसांचं जाकीट आहे म्हणजे, बरं. जेवतो का?"

"दाणे खातो. मधून मधून कोबीचं पान. काल अंड्याचं कवच दिलं होतं."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. "काका... आई कुठे आहे त्याची?"

"ते काही माहीत नाही. सासऱ्यांनी बाजारातून आणलाय."

"आणि..." मुलीचा आवाज फारच बारीक झाला, "झोपतो कुठे?"

"पिंजऱ्यातच. पण वरून कापड टाकतो आम्ही."

फोन ठेवला गेला. काम किती तत्परतेने झालं याचं मियाओसाहेबांना कौतुक वाटलं, कारण वीस मिनिटांत जिन्यात धावत्या पावलांचा आवाज आला. लोउबाई, ती फोनवरची मुलगी, फाटकावरचा रखवालदार आणि त्यांच्यामागून यान ताई, हाओदादा आणि मधल्या मजल्यांवरची जी जी माणसं घरी होती ती सगळी. मुलीच्या हातात रजई होती, लोउबाईंच्या हातात गरम दुधाचा थर्मास.

"कुठे आहे तो?" लोउबाई गरजल्या.

मियाओसाहेबांनी अभिमानाने प्लास्टिकचा पडदा बाजूला केला.

दोउदोउने एक डोळा उघडला, सगळ्यांकडे पाहिलं आणि दुसरा पाय आत घेऊन पहिला बाहेर काढला.

आधी हाओदादा हसले. मग रखवालदार. मग सगळा जिनाच हसायला लागला. फोनवरची मुलगी मात्र रडायलाच लागली, कारण ती सबंध वाटभर रडू आवरत आली होती. लोउबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या सोफ्यावर बसल्या, थर्मासमधलं दूध स्वतःच प्यायल्या आणि म्हणाल्या, "मियाओ साहेब, 'दोउदोउ, वय पाच, आई नाही' असं लिहून यादी वर गेलीय. आता खोडायची म्हणजे मला तीन ऑफिसं फिरावी लागतील."

"मग?"

"मग काय! मदत स्वीकारा." त्यांनी पिशवीतून सशाच्या तोंडाच्या आवरणाची एक गरम पाण्याची पिशवी काढली आणि फॉर्म पुढे केला. "पालक म्हणून इथे सही."

मियाओसाहेबांच्या ज्या सहीने शहरातले ताप खरे ठरत, त्याच सहीखाली आता 'पालक' छापलेलं होतं. त्यांनी सही केली. माणूस एकदा ठरवून बसला की सही कुठे होते याला महत्त्व राहत नाही.

आणि सांगायला हवं की त्या पिशवीने काम केलं. दर तीन तासांनी गरम पाणी बदलायचं, पिशवी पिंजऱ्याच्या मागे, पिंजऱ्याला न चिकटवता टांगायची, लहान हीटर दूर. तंबू वीस अंशांवर टेकला आणि तिथेच राहिला. चौथ्या दिवशी सकाळी दोउदोउने पाठीतून चोच काढली, अंग झाडलं आणि गायला लागला. मियाओसाहेबांनी फोन हातात धरून ते गाणं युनफांगला ऐकवलं, तिने फोन वडिलांच्या कानाला लावला. गाणं संपेपर्यंत त्यांनी तो धरून ठेवला. मग म्हातारबुवा म्हणाले, "काय काय केलंस?"

"काही नाही बाबा. दाणे, पाणी."

"हं," म्हातारबुवा म्हणाले, आणि त्यांनी फोन परत केला.

युनफांगने नंतर वेगळा फोन केला. बाबांना पंधरा तारखेला सोडणार होते. त्या दिवशी घरं गरम होतील, म्हणून मुद्दाम ती तारीख मागून घेतली होती. "आपल्याकडेच आणतेय. पण ते म्हणतात आठवडाभरच. काठी धरून चालता आलं की स्वतःच्या खोलीत जाणार. मियाओ, त्यांना पुन्हा एकट्याला तिथे ठेवायची माझी हिंमत नाही. पडले तेव्हा चार तास जमिनीवर होते. पण मी राहा म्हटलं की ते भिंतीकडे तोंड करतात."

"बघू," मियाओसाहेब म्हणाले. सासऱ्यांना काही पटवून देणं हे त्यांच्या खात्यातलं काम नव्हतं.

पंधरा तारीख उजाडली. सकाळी आठला नळ्यांमध्ये गुरगुर झाली आणि लोखंडी पेटी हळूहळू तापायला लागली. त्या वर्षी गरम पाणी सोडणाऱ्यांनी हात सैल सोडला होता. नऊ वाजता तंबूत बावीस अंश झाले. दहाला पंचवीस. मियाओसाहेबांनी सशाची पिशवी काढली, हीटर काढला. अकराला एकोणतीस! दोउदोउ आता चेंडू राहिला नव्हता. पिसं अंगाला चापून बोटाएवढा बारीक झाला होता, भांडायला उभ्या राहिलेल्या बाईसारखे पंख अंगापासून लांब धरले होते, आणि चोच उघडून भराभरा धापा टाकत होता.

इथे कोणत्याही साध्या माणसाने पिंजरा उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला असता. पण एक तर पिंजरा तारेने नळीला बांधलेला होता, पाच वेढे. आणि दुसरं म्हणजे मियाओसाहेब तपासनीस होते. दोष दिसला की ते मुळापाशी दुरुस्त करत. मूळ होतं ती लोखंडी पेटी. तिच्या बाजूला पाणी बंद करायची चावी होती आणि तिच्यावर दर पाच वर्षांनी दिलेला रंग. त्यांनी पाना लावला. हलली नाही. दोन्ही हातांनी जोर लावला. हलली नाही. मग त्यांनी पाय भिंतीला टेकला, डोळे मिटले आणि सबंध निश्चयाने ओढलं.

चावी बंद झाली नाही. ती हातात आली.

तिच्या जागेतून वर्षभर नळ्यांत बसलेलं काळं पाणी, कडकडीत, पिचकारीसारखं खोलीभर उडालं. मियाओसाहेबांनी पहिली गोष्ट केली ती ही की स्वतःचा कोट काढून पिंजऱ्यावर टाकला. दुसरी, पक्कड घेऊन तार तोडली आणि पिंजरा स्वयंपाकघरात नेला. त्यात त्यांची दोन बोटं पोळली. तिसरी गोष्ट, म्हणजे पाण्याखाली बादली ठेवणं, व्हायच्या आत खालच्या मजल्यावरून यान ताईंची किंकाळी आली. काळं पाणी त्यांच्या छतातून नेमकं त्यांच्या वाफवायला ठेवलेल्या पावांवर टपकत होतं.

दुरुस्तीवाला आला, त्याने तळमजल्यावरून उभी नळी बंद केली आणि चावी हातात धरून तो बराच वेळ मियाओसाहेबांकडे बघत राहिला. "ही मी आयुष्यात पहिल्यांदा बाहेरून बघतोय," तो म्हणाला. "असली नवी आणावी लागेल. संध्याकाळचे पाच वाजतील."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत या जिन्याची सहाही घरं थंड."

वर्षातल्या पहिल्या ऊबदार दिवशी सहा घरं थंड! बातमी जिन्याने उतरत गेली आणि शिव्या जिन्याने चढत आल्या. मियाओसाहेब काळ्या शर्टात, बोटांना टूथपेस्ट फासून, जमीन पुसत होते. तेवढ्यात खालून युनफांगची हाक आली. बाबा आले होते.

म्हातारबुवा चाकाच्या खुर्चीत, तळमजल्यावर, आणि वर सहा मजले. मियाओसाहेब धावत खाली गेले. जिन्यात सगळे शेजारी उभेच होते, भांडायच्या तयारीत. सगळ्यांनी खुर्चीकडे आणि वर चढणाऱ्या जिन्याकडे पाहिलं. मग हाओदादांनी कोटाच्या बाह्या मागे सारल्या. "बघत काय बसलात? चौघं जण धरा. म्हातारबुवा, खांद्याला धरून बसा. मियाओ, तू मागे राहा. तू कशाला हात लावू नकोस."

खुर्ची उचलली गेली. पण चौघांनाही प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबावं लागे, आणि ज्या मजल्यावर थांबावं तिथलं बिऱ्हाड दारात येऊन म्हातारबुवांना जावयाची हकीकत सांगे. पहिल्या मजल्यावर त्यांना वीज गेल्याचं कळलं. तिसऱ्यावर ओल्या फडक्याचं, मात्र ते कोणी सुचवलं होतं हे हाओदादांनी गाळलं. चौथ्यावर वस्ती समितीचं. पाचव्यावर यान ताईंनी एक काळा पाव पुरावा म्हणून दाखवला. "म्हातारबुवा, तुमच्यासाठी केले होते हो हे!" म्हातारबुवा प्रत्येक ठिकाणी "हं" एवढंच म्हणाले. मियाओसाहेब मागून एकेक पायरी चढत होते. त्यांना वाटत होतं, इमारतीला आणखी दहा मजले असते तर बरं झालं असतं.

खोलीत पंधरा अंश होते आणि आकडा उतरत होता. म्हातारबुवांना कॉटवर निजवलं. त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले होते, पाय बर्फासारखे होते. युनफांग नवऱ्याकडे बघून काही बोलणार होती. तिला रडू आलं. "आजच्याच दिवशी, मियाओ?"

मियाओसाहेबांनी थर्मामीटरकडे पाहिलं. काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. गेले बारा दिवस त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

"हाओदादा, कॉट उचला. त्या कोपऱ्यात, तंबूत. ताई, दार लावा, झुळूक येतेय. युनफांग, बाबांच्या पायात माझे लोकरीचे मोजे घाल, डोक्याला टोपी. उघडं काही ठेवायचं नाही." यान ताई रजई घट्ट खोचायला लागल्या, तसे ते ओरडले, "दाबू नका! फुगवा. आत हवा राहिली पाहिजे, हवाच गरम ठेवते!" हीटर काळ्या पाण्यात भिजला होता, म्हणून सशाची पिशवी पुन्हा भरून आली आणि म्हातारबुवांच्या पावलांपाशी गेली. प्लास्टिकचा पडदा ओढला. मियाओसाहेब स्वतः आत स्टुलावर बसून राहिले, नजर थर्मामीटरवर.

बाकीची माणसं जाईनात. जाऊन करायचं काय, सगळ्यांचीच घरं थंड. यान ताईंनी आल्याचा चहा ठेवला, हाओदादांनी पत्ते काढले, आणि दहा-बारा माणसांच्या श्वासाने खोली हळूहळू चढायला लागली. सोळा. साडेसोळा. पावणेअठरा. म्हातारबुवांच्या ओठांवर रंग आला.

"पक्षी कुठे आहे?" रजईतून आवाज आला.

मियाओसाहेबांनी स्वयंपाकघरातून पिंजरा आणून समोर धरला. दोउदोउ थोडा फुगून, एक पाय आत घेऊन बसला होता. कापूसच जणू.

"त्याला पाय आहे," मियाओसाहेब घाईने म्हणाले. "दुसरा आत आहे."

"ठाऊक आहे मला." म्हातारबुवा म्हणाले. "पहिल्या हिवाळ्यात मी पण शोधला होता. पलंगाखाली सुद्धा." मग जावयाच्या टूथपेस्ट फासलेल्या बोटांकडे बघत त्यांनी विचारलं, "हे काय?"

"तार तोडताना. पेटी गरम होती."

"आधी पक्षी हलवलास की आधी पाणी बंद करायला धावलास?"

"आधी पक्षी," मियाओसाहेब म्हणाले. "म्हणून यान ताईंचे पाव गेले."

"हं," म्हातारबुवा म्हणाले.

पाच वाजता नळ्या पुन्हा गुरगुरल्या. खालून एकेका मजल्यावरून आनंदाचे आवाज आले आणि शेजारी पांगले. यान ताई जाताना म्हणाल्या, "उद्या माझं छत रंगवायला या. आणि थर्मामीटर आणू नका." खोली बावीस अंशांवर आली. नवी चावी बोटाने फिरत होती. मियाओसाहेबांनी तिला दुरूनच पाहिलं. युनफांग वडिलांच्या बॅगेजवळ उभी होती. ती उघडावी की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

"मियाओ," म्हातारबुवा छताकडे बघत म्हणाले, "माझ्या खोलीत आत्ता किती असेल?"

"उत्तरेची खोली. सोळा, फार तर सतरा."

"आणि इथे?"

"बावीस. उद्यापासून स्थिर."

"डॉक्टर काय म्हणाली होती? एकदम बदल?"

"चालत नाही. अजिबात चालत नाही, बाबा."

"म्हणजे या हिवाळ्यात त्याला हलवता येणार नाही."

"मार्चच्या मध्यापर्यंत तर नाहीच. मग गरम पाणी बंद होतं. तेव्हाही एकदम बदल."

"मग एप्रिल?"

"एप्रिलमध्ये वारा फार. झुळूक." मियाओसाहेब अतिशय गंभीर होते. "मेमध्ये उकडायला लागतं. त्यांना घाम येत नाही."

म्हातारबुवांनी पिंजऱ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं नाही. "काय करणार! मुक्या जिवासाठी राहावं लागतंय."

"पक्ष्यासाठी," मियाओसाहेब म्हणाले.

युनफांगने बॅग उचलली, आतल्या खोलीत नेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ ती बाहेर आली नाही.

"पण पिंजरा तिथे नको," म्हातारबुवांच्या सूचना पुन्हा सुरू झाल्या. "पेटीपासून लांब, खिडकीपासून लांब, आणि मला पडल्या पडल्या दिसला पाहिजे. त्या भिंतीला हुक ठोक. जरा वर. अजून वर. डावीकडे. तिथे. आता ठोक, मी सांगतोय तिथेच."

मियाओसाहेबांनी हातोडा घेतला. पहिला ठोका पडतो न पडतो तोच खालून यान ताईंनी छताला झाडूचा दांडा आपटला.

"थांबू नकोस," म्हातारबुवा म्हणाले. "ठोक."